पाऊस पडला की नाही?

‘गाइड’ हा चित्रपट १९६५ सालचा. त्याच्याविषयी चारचौघांत वाकडा शब्द काढायची आजही सोय नाही. सचिनदेव बर्मन यांच्या चाली, शैलेंद्र यांचे शब्द, फली मिस्त्री यांचा कॅमेरा, वहिदा रेहमान यांचं नृत्य आणि ऐन बहरातले देव आनंद. एवढं सगळं एकाच चित्रपटाला लाभावं, असं हिंदीत फार वेळा घडलेलं नाही. फिल्मफेअर पारितोषिकांत ‘गाइड’ने सात पटकावली, त्यांत संगीताचं मात्र नव्हतं. ते ‘सूरज’ला गेलं आणि बर्मनदांचे चाहते त्याबद्दल अजून हळहळतात. मीही त्यांच्यातलाच.

तरीही या पुस्तकाचं म्हणणं असं आहे की, आर. के. नारायण यांच्या कादंबरीचं रूपांतर म्हणून ‘गाइड’ निराश करतो. चित्रपट देखणा आहे आणि रूपांतर फसलेलं आहे. ही दोन्ही विधानं एकत्र नांदू शकतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी पुढची पानं जरा चिडूनच वाचावीत. चिडून वाचणारा वाचक नीट वाचतो.

रूपांतराबद्दलची नेहमीची तक्रार काटछाटीची असते. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र उडवलं. ‘गाइड’च्या बाबतीत ती तक्रार मी करणार नाही. अकरा प्रकरणांची कादंबरी तीन तासांत बसवायची तर कात्री लागणारच. माझा आक्षेप भर घालण्याला आहे. नारायण यांनी जिथे शंका ठेवली तिथे चित्रपटाने खात्री बसवली. ही कादंबरी उभी आहे तीच मुळी त्या शंकेवर.

ही नाराजी माझ्या पदरची नाही, खुद्द लेखकाची आहे. नारायण यांनी या अनुभवावर ‘मिसगायडेड गाइड’ या नावाचा लेख लिहिला आणि तो अमेरिकेतल्या ‘लाइफ’ या साप्ताहिकात छापून आला. लेखात आदळआपट नाही. आपल्याच घरी पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसासारखे ते सगळ्या गोंधळाकडे बघतात आणि शांतपणे नोंदी करत जातात. गंमत म्हणजे चित्रपटाला मिळालेल्या त्या सातांपैकी एक पारितोषिक उत्कृष्ट कथेसाठीचं होतं आणि ते नारायण यांच्याच नावावर जमा झालं. पडद्यावरची जी कथा आपली राहिलेली नाही असं लेखक म्हणत होता, तिच्याचबद्दल त्याचा सत्कार झाला.

कादंबरी कुठून आली, ते आधी पाहू. नारायण यांनी ‘माय डेज’ या आत्मकथनात त्याची हकिकत दिली आहे. म्हैसूर भागात मोठा दुष्काळ पडला होता. कृष्णराजसागराचा तळ उघडा पडून भेगाळला होता. शेवटचा उपाय म्हणून नगरपालिकेने पर्जन्यप्रार्थना ठेवली. कावेरीच्या कोरड्या पात्रात खर्च करून पाणी आणलं गेलं, त्यात गुडघाभर उभं राहून ब्राह्मणांनी अकरा दिवस उपवास आणि मंत्रपठण केलं. बाराव्या दिवशी पाऊस आला. हे बीज डोक्यात घेऊन नारायण १९५६ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पाठ्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका हॉटेलात बसून त्यांनी कादंबरी लिहिली. नायकाला शेवटी जगवायचं की मारायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. लंडनमध्ये ग्रॅहम ग्रीन यांना गोष्ट ऐकवली, तेव्हा त्यांनी ठामपणे सांगितलं की तो मेलाच पाहिजे. नारायण यांनी सल्ला मानला, पण त्यांच्या स्वभावाप्रमाणे अर्धाच. ‘द गाइड’ १९५८ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकाला तो पहिल्यांदाच मिळाला.

म्हैसूरच्या घटनेत पाऊस खरोखर पडला होता. कादंबरी लिहिताना नारायण यांनी नेमकी तीच गोष्ट संदिग्ध ठेवली. हातात आलेला चमत्कार लेखकाने जाणूनबुजून सोडून दिला, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

कादंबरीचा नायक राजू. त्याचा बाप नारायण यांनी कल्पिलेल्या मालगुडी या गावात छोटं दुकान चालवतो. गावात रेल्वे येते, फलाटावर दुकान मिळतं आणि पोरगा तिथे बसू लागतो. उतारू त्याला विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे? राजूला फारसं काही ठाऊक नसतं. पण ‘माहीत नाही’ एवढं म्हणणं त्याला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तो ठोकून देतो. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ‘रेल्वे राजू’ हा मालगुडीचा वाटाड्या झाला. प्रवासी जितका भोळा तितकी इमारत जास्त जुनी, अशा हिशेबाने तो इतिहास सांगतो. तुरुंगातून सुटल्यावर पडक्या देवळाच्या पायरीवर बसलेला असताना वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो, तेव्हाही राजूला ‘मी तो नव्हे’ म्हणता येत नाही. ज्या खोडीने त्याला गाइड केलं, त्याच खोडीने स्वामी केलं. कादंबरीचा सगळा विनोद आणि सगळी भीती इथे आहे.

आता या राजूला उचलून उदयपूरला नेऊन ठेवा. तिथे तळी आहेत, राजवाडे आहेत, चितोडचा किल्ला फार दूर नाही. बघण्यासारखं इतकं आहे की तिथला गाइड खरं बोलला तरी त्याचं पोट भरेल. मालगुडीत मात्र धड काही नाही. एक नदी, दूरचे मेंपी डोंगर, त्यांतली गुहाचित्रं. नसलेलं दाखवणं हा राजूचा धंदा आहे. जागा बदलल्याबरोबर पात्राचं मूळच उखडतं, आणि पडद्यावर उरतो तो एक हुशार, रुबाबदार, बहुभाषी तरुण. देव आनंद तो झकास रंगवतात. पण लोकांच्या अपेक्षांप्रमाणे आकार बदलत जाणारा, स्वतःचा असा आकारच नसलेला माणूस त्या रुबाबात कुठे मावणार?

जागेचा हा किस्सा नारायण यांच्या लेखात वाचण्यासारखा आहे. चित्रपटवाली मंडळी म्हैसूरला आली. लेखकाने उत्साहाने त्यांना नदीकाठ, देवळाच्या पायऱ्या, खेडी, डोंगर असं सगळं फिरवून दाखवलं. प्रत्येक ठिकाणी वाहवा झाली. नंतर लेखकाला कळलं की चित्रीकरण राजस्थानात चालू आहे. मालगुडी म्हणजे अमुकच जागा असं धरून बसू नका, रुंद पडदा आणि रंगीत फिल्म म्हटल्यावर डोळ्यांना काही भव्य नको का, असा त्यावरचा खुलासा. मालगुडी ज्याने वसवलं त्यालाच मालगुडी कुठे आहे हे समजावून सांगण्यात आलं. पुस्तकात नसलेली वाघाची झुंजही मध्येच उपटली. आणखी एक प्रसंग माउंटबॅटन यांचा. ‘गाइड’च्या इंग्रजी आवृत्तीच्या लंडनमधल्या पहिल्या खेळाला इंग्लंडच्या राणीने यावं, यासाठी त्यांचं वजन वापरायचा बेत होता. त्यांनी साहजिकच गोष्ट काय आहे असं विचारलं, आणि ती सांगता सांगता पर्ल बक यांची त्रेधा उडाली. राजू कोण, गाइड म्हणजे कसला गाइड, अशा साध्या प्रश्नांवरच गाडी अडून राहिली.

पर्ल बक इथे कुठून आल्या, असं वाटलं असेल. १९६२ साली ‘हम दोनो’ घेऊन देव आनंद बर्लिनच्या महोत्सवाला गेले होते. तिथे टॅड डॅनिएलेव्स्की या दिग्दर्शकाशी गाठ पडली आणि एकत्र काही करावं असं निघालं. लेखिका पर्ल बक या डॅनिएलेव्स्की यांच्या व्यवसायातल्या जोडीदार, १९३८ सालच्या नोबेल-मानकरी. ‘द गाइड’ वाचून देव आनंद यांनी हक्क मिळवले आणि ठरलं की एकच कथा इंग्रजीत आणि हिंदीत बरोबरीने करायची. इंग्रजीचं दिग्दर्शन डॅनिएलेव्स्की यांच्याकडे, हिंदीचं थोरले बंधू चेतन आनंद यांच्याकडे. दोन दिग्दर्शकांचं एका जागी पटेना. इंग्रजी आधी उरकून घेतला गेला. चेतन आनंद ‘हकीकत’कडे वळले आणि हिंदी ‘गाइड’ धाकटे बंधू विजय आनंद यांच्या गळ्यात पडला. त्यांनी पटकथा नव्याने लिहिली. इंग्रजी चित्रपट सपशेल आपटला आणि आज तो कुणाच्या आठवणीतही नाही. ‘बंबईवाल्यांनी कादंबरीचा मसाला केला’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी याचा विचार करावा. नोबेल मिळवलेल्या लेखणीनेही या कादंबरीचं वेगळं काही केलं नाही. तुलनेत विजय आनंद यांचा ‘गाइड’ कितीतरी सरस ठरतो.

भर घालण्याचा पहिला मोठा नमुना म्हणजे मार्को, रोझीचा नवरा. कादंबरीतला मार्को वाईट माणूस नाही. जिवंत माणसांपेक्षा भिंतीवरची चित्रं त्याला अधिक जवळची वाटतात, एवढाच त्याचा दोष. बायकोचं नृत्य त्याला माकडचेष्टा वाटतं. त्याचा कोरडेपणा भयंकर आहे, पण त्यात सरळपणाही आहे. पुढे त्याचा ग्रंथ छापून येतो तेव्हा ज्या राजूने त्याचा संसार मोडला, त्या मालगुडी रेल्वे स्टेशनच्या राजूचे आभार त्यात मानलेले असतात. राजू तो ग्रंथ रोझीपासून लपवून ठेवतो. मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त मार्कोचं छायाचित्र आलेलं तिला दिसतं आणि ती ते कापून आरशावर लावते. सोडून गेलेल्या नवऱ्याचा तिला अभिमान वाटतो! राजूच्या मनात मत्सर शिरतो तो इथून, आणि त्या मत्सरातूनच पुढची खोटी सही.

चित्रपटात मार्को दारू पितो, परस्त्रीच्या संगतीत सापडतो, बायकोवर हात उगारतो. कारण उघड आहे. लग्नाची बाई नवरा सोडून दुसऱ्याकडे जाते, हे १९६५च्या प्रेक्षकाला पचवायचं तर नवरा नालायक असलाच पाहिजे. व्यवहार म्हणून मला हे समजतं. पण मार्को खलनायक झाला की राजूचा अपराध धुऊन निघतो. कादंबरीत राजू दुसऱ्याची बायको पळवतो, तिच्या पैशावर चैन करतो आणि दागिन्यांच्या पेटीसाठी तिची सही करतो. वाचकाला तो आवडतो आणि त्याची लाजही वाटते. पडद्यावर लाज वाटण्याची वेळच फारशी येत नाही.

रोझीबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण चित्रपटाचं सर्वांत जास्त कौतुक तिच्यासाठी होतं आणि ते बरंचसं रास्त आहे. देवदासींच्या कुळातली, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली, लग्नाच्या नावाखाली नाच सुटलेली ही बाई वहिदा रेहमान यांनी अशी उभी केली आहे की पुस्तक वाचतानाही डोळ्यांसमोर त्याच येतात. चितोडच्या तटबंदीवर तिचं मोकळं होणं चित्रपटाने शब्दांपेक्षा चालण्या-धावण्यातून दाखवलं. कादंबरीत ती सतत राजूच्या नजरेतून दिसते. चित्रपटाने तिला स्वतःचं शरीर दिलं. ही एक भर मी आनंदाने मान्य करतो.

मग शेवट बघा. कादंबरीत राजूला दोन वर्षांची शिक्षा होते. त्याच्या खटल्यासाठी रोझी राबून पैसा उभा करते, देणं फेडते आणि मद्रासला निघून जाते. तुरुंगात राजूला वर्तमानपत्रांतून कळत राहतं की त्याच्याशिवाय तिचं उत्तम चाललं आहे, उलट नाव वाढतंच आहे. तिला आपण घडवलं हा त्याचा भ्रम तिथे फुटतो. यानंतर रोझी कादंबरीत येत नाही. उपोषणाच्या जागीही नाही. चित्रपट मात्र तिला देवळापर्यंत आणतो, आईलाही आणतो, डोळे भरून येतात, सगळ्यांना क्षमा मिळते. ज्या रोझीला आपण स्वतंत्र स्त्री म्हणून डोक्यावर घेतो, तिचं स्वातंत्र्य शेवटच्या अर्ध्या तासात महात्म्याच्या पायाशी वाहिलं जातं. नारायण स्त्रीमुक्तीचा झेंडा घेऊन कधीच फिरले नाहीत, तरी त्यांनी तिला तिच्या वाटेने जाऊ दिलं होतं.

आता उपोषण. गावात मारामारी होते. पोलीस येतील, मग आपला भूतकाळ उघडा पडेल या धास्तीने राजू वेलनच्या भोळसट भावाला बजावतो की, हे लोक शहाण्यासारखे वागेपर्यंत मी जेवणार नाही. पोरगं जाऊन सांगतं, पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. झालं! ज्याच्या मनात सारखे बोंडे तरळत असतात, त्या माणसावर बारा दिवसांचं उपोषण येऊन पडतं. घाबरून तो वेलनला आपली सगळी कर्मकहाणी सांगून टाकतो. रात्रभर ऐकून झाल्यावरही वेलनच्या श्रद्धेला ओरखडा पडत नाही. खरं सांगूनही सुटका नाही. ही जागा मला कादंबरीतली सर्वांत भीतिदायक वाटते.

लोक लोटतात, जादा गाड्या सुटतात, चहाची दुकानं लागतात, जुगाराचे अड्डे बसतात. आरोग्य खातं त्याच गर्दीला मलेरियाचे माहितीपट दाखवून घेतं. कॅलिफोर्नियाहून दूरचित्रवाणीवाला मॅलोन कॅमेरा घेऊन येतो. ज्यांनी दुष्काळी भागातली जत्रा पाहिली आहे त्यांना यातला एकही तपशील परका वाटणार नाही. या गदारोळात राजूच्या मनात कुठेतरी येतं की, आपल्या न खाण्याने झाडं हिरवी होणार असतील तर एकदा तरी हे काम मनापासून का करू नये? स्वतःचा फायदा नसलेली गोष्ट तो जन्मात पहिल्यांदा करतो आहे. की ही त्याची आणखी एक भूमिका आहे? नारायण सांगत नाहीत. बहुधा राजूलाही ठाऊक नाही.

शेवटच्या सकाळी दोघांच्या आधाराने तो नदीत उतरतो. डोंगरात पाऊस पडतो आहे, तो आपल्याला पायांखाली जाणवतो आहे, असं वेलनला सांगतो आणि खाली ढासळतो. कादंबरी इथे थांबते. तो मेला की नुसता कोसळला? पाऊस खरोखर आला, की भुकेने थकलेल्या शरीराचा तो भास? की ‘माहीत नाही’ म्हणता न येणाऱ्या माणसाने श्रोत्याला हवं ते शेवटचं एकदा सांगून टाकलं? तिन्ही वाचनांना मजकुरात जागा आहे आणि एकही दुसऱ्याला हटवत नाही.

चित्रपटात धो धो पाऊस येतो. त्याआधी भगव्यातला राजू आणि त्याचाच दुसरा राजू यांचा देह आणि आत्मा या विषयावर संवाद होतो. मग तो मरतो, लोक भिजत नाचतात. प्रेक्षक गहिवरतो, मीही गहिवरलो होतो. पण हा गहिवर विकतचा आहे. पाऊस पडला म्हणजे राजू खरा ठरला. ठग असण्याची शक्यता संपली, श्रद्धेबद्दलचा प्रश्न संपला, वेलनच्या आंधळेपणाची भीती संपली. जे कादंबरीने वाचकावर सोपवलं होतं त्याचा निकाल ढगांनी लावला.

यावर एक बचाव नेहमी ऐकू येतो. लेखणीला धूसर राहता येतं, कॅमेऱ्याला आभाळ दाखवावंच लागतं, एक तर कोरडं किंवा भरलेलं. मला तो पटत नाही. कॅमेरा राजूच्या पायांवर ठेवता आला असता, वेलनच्या चेहऱ्यावर ठेवता आला असता, आवाज नुसता कानावर टाकता आला असता. एखादी गोष्ट न दाखवता सुचवणं विजय आनंद यांना येत नव्हतं असं म्हणायची हिंमत त्यांची गाणी पाहिलेला माणूस करणार नाही. त्यांना येत होतं. ‘नवकेतन’ या निर्मितीसंस्थेचा पैसा, रंगीत फिल्मचा खर्च आणि देव आनंद यांची प्रतिमा या तिन्हींना मात्र तो शेवट परवडणारा नव्हता. निराशा वाटते ती यामुळे. अंगात ताकद नसलेल्या चित्रपटाने निराश केलं तर कोण मनावर घेतं?

मालगुडीला पडद्यावर न्याय मिळूच शकत नाही, अशातलाही भाग नाही. १९८६ साली दूरदर्शनवर आलेली शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आठवा. मुंबईच्या रंगभूमीवर उमेदवारी केलेल्या या दिग्दर्शकाने आगुंबे या पावसाळी गावात तळ ठोकला आणि काही भव्य दाखवायचा मोह टाळला. आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं सोबतीला होती. ‘टाइम्स’मधल्या त्यांच्या व्यंगचित्रांमुळे ते आपल्याकडे थोरल्या भावाच्या, म्हणजे नारायण यांच्या, कितीतरी आधी घरोघर पोचले होते. मालिकेत न्यूनं काढता येतील, पण गोष्टीत जिथे काही घडत नाही तिथे ती मालिकाही काही घडवत नाही. ‘गाइड’ला हा संयम साधला नाही.

पुढच्या प्रकरणांत कादंबरी आणि चित्रपट प्रसंगागणिक शेजारी ठेवले आहेत. गाण्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथे मी कादंबरीची बाजू मुळीच घेतलेली नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे पण कादंबरी वाचलेली नाही, असे वाचक आपल्याकडे बहुसंख्य असणार. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांना विनंती एवढीच की, इथून पुढे जाण्याआधी मूळ कादंबरी मिळवून वाचावी. ती फार मोठी नाही, दोन रात्रींत संपते. आणि वाचताना शेवटचं पान आलं की चित्रपटातला पाऊस तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.